डाव्या बटणातला चिमटा

मी जन्माची भित्री. पालीला भ्यायचे, विजेच्या कडकडाटाला भ्यायचे, शाळेत फळ्याकडं बोलावण्यालाही भ्यायचे. आई मला सरळ 'भित्री भागूबाई' म्हणायची, तेही पाहुण्यांसमोर. पुढं माझं सगळं आयुष्य मशीन चालवणारे प्रोग्राम लिहिण्यात गेलं आणि शिरूरमधले लोक म्हणायला लागले, की साळव्यांची नीलम मोठी धीराची, कारखान्यांतून एकटी फिरते. मी नुसती हो म्हणायचे. धीर वगैरे काही नव्हता. भीती तीच होती, फक्त आता तिचा पगार मिळत होता. अजूनही रस्त्यानं जाताना एखाद्या शेडमधून प्रेस मशीनचा 'धप्प' असा आवाज आला, की आधी मी नातवाचा हात घट्ट धरते आणि मग त्याला सांगते की काही नाही, मशीन आहे.

आमचं घर शिरूरला मिशनच्या कंपाउंडमागं होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, मागं कपडे वाळत घालायची तार. रविवारी घरात पहिला आवाज व्हायचा तो पेटीचा. पप्पा मिशनच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवायचे, आणि उपासनेआधी घरी एकदा सगळी गीतं वाजवून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. डाव्या हातानं भाता, उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर. आठवडाभर हेच हात सणसवाडीच्या कंपनीत प्रेस मशीनवर लोखंडी पट्ट्या दाबायचे. बोटं आखूड, जाड, नखांच्या कडेला काळं तेल कायमचं बसलेलं. पण पेटीवर ती अशी हलकी पडायची की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "या माणसानं कधी माझ्या हातातला तवा असा हलक्या हातानं घेतला न्हाई." पप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि पुढचं गीत धरायचे. दुपारी मटणाचा रस्सा आणि भाकरी. पप्पा भाकरी दोन्ही हातांनी मोडून ताटात पसरायचे, मग वर रस्सा ओतायचे. त्यांचे ते हात मला अजून जसेच्या तसे दिसतात, आणि ते तसे राहिले हे मी गृहीत धरत नाही.

त्यांची प्रेस जुनी होती. पायानं पेडल दाबलं की वरचा जड ठोकळा खाली येई आणि पट्टीला आकार देई. दोन्ही हात मोकळे, म्हणजे ते चुकून ठोकळ्याखाली जायलाही मोकळेच. तुकाराममामा म्हणून पप्पांचे जोडीदार होते, त्यांची दोन बोटं तिथं गेली. ते आमच्याकडं चहाला आले की बशी डाव्या तळव्यावर ठेवायचे आणि मी दुसरीकडं बघायचे. पप्पा त्या मशीनला मनापासून भ्यायचे. "ती म्हंजी बांधलेलं जनावर हाय," ते म्हणायचे, "कवा मान टाकंल सांगता येत न्हाई." आमच्या घरात मशीनला भिणारे आम्ही दोघंच होतो, आणि याबाबतीत आमचं चांगलं जमायचं.

डिप्लोमा झाल्यावर मला काम मिळालं ते दौंडला, मुनीरसरांच्या वर्कशॉपमध्ये. मुनीर शेख हे दौंडचेच, त्यांचे वडील रेल्वेत होते. मशीनांचे कंट्रोल पॅनल बनवायचे आणि त्यांतल्या छोट्या डब्यात प्रोग्राम भरायचा हा त्यांचा धंदा. मी आठवडाभर रेल्वे कॉलनीत मावशीकडं राहायचे. दिवसभर इंजिनांची शिट्टी, डबे एकमेकांना आपटल्याचे आवाज, आणि मावशीच्या घरात कायम सुक्या बोंबलाचा वास. सर मला बेटा म्हणायचे, पण चूक झाली की अर्धा दिवस काहीच म्हणायचे नाहीत. मला त्यांच्या त्या गप्प बसण्याची फार भीती वाटायची. त्यांचा एक नियम होता. शनिवारी सकाळचा चहा झाला की दोघांपैकी एकानं काहीतरी नवीन वाचायचं आणि दुसऱ्याला समजावून सांगायचं. "आपला धंदा म्हणजे रोज थोडं अडाणी होत जायचा धंदा आहे," ते म्हणायचे. मला तेव्हा वाटायचं, सर विनोद करतात. गेली कित्येक वर्षं मी हेच वाक्य माझ्याकडं शिकणाऱ्या मुलांना ऐकवते आणि तीही हसतात.

सरांचा दुसरा एक नियम होता, तो त्या काळी सगळेच पाळायचे आणि आजही पाळतात: चालत्या प्रोग्रामला हात लावायचा नाही. त्यांच्याकडं दोन बटणांचा एक प्रोग्राम होता. मुळात तो खोकी बंद करणाऱ्या मशीनसाठी लिहिलेला. दोन्ही बटणं दाबली की मशीन चालू, एकच दाबलं तर बंद. पप्पांच्या कंपनीनं तुकाराममामांच्या अपघातानंतर पेडल काढून टाकायचं ठरवलं आणि दोन बटणांचं पॅनल मागवलं, तेव्हा तोच प्रोग्राम उचलून आम्ही प्रेसवर घातला. कल्पना सोपी होती. दोन बटणं दूरदूर, दोन्ही हात बटणांवर असतील तेव्हाच ठोकळा खाली येणार, मग बोटं त्याखाली असतीलच कशी? सरांनी तपासलं, मीही तपासलं. दोन्ही दाबली, खाली आला. उजवं दाबलं, नाही आला. डावं दाबलं, नाही आला. कंपनीचे साहेब खूश झाले. पप्पांनी तर शॉपवरच्या सगळ्या कामगारांना सांगितलं, की हे माझ्या पोरीचं काम हाय. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनीसुद्धा माझी चौकशी केली. लाजेनं मला कुठं बघावं कळेना, आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

मग काही आठवड्यांनी एका रविवारी आई तारेवरून कपडे काढताना कुरकुरत होती. "लाकडी चिमटे कुठं जातात कळत न्हाई. डझन आणलं हुतं, निम्मंबी ऱ्हायलं न्हाई."

पप्पा पेटी पुसत होते. म्हणाले, "मी नेलं. कंपनीत लागतात."

"कंपनीत कपडं वाळत घालताय व्हय?"

पप्पा हसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "नीलम, तुझी मशीन लई गुणाची हाय. डावा हात आता मोकळा ऱ्हातो. डाव्यानं माल काढायचा, उजव्यानं दाबायचं. पयल्यापरीस किती माल निघतो बघ."

मीही हसले. वडील कौतुक करत होते, मी रस्सा वाढून घेत होते. त्या वाक्यात काय होतं ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

ते शिरलं एका शनिवारी. वाचायची पाळी माझी होती. सरांनी कुठूनतरी एका परदेशी प्रेसच्या माहितीपुस्तकाची झेरॉक्स आणली होती. मी शब्दकोश घेऊन अडखळत वाचत होते. त्यात एका पानावर चित्र होतं: दोन बटणं, एका बटणात काडी खुपसून ते दाबलेलंच ठेवलेलं, आणि त्यावर मोठी फुली. खाली लिहिलं होतं, की प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही बटणं सोडली गेली आहेत याची प्रोग्रामनं खात्री करावी, नाहीतर चालवणारा एक बटण कायमचं अडकवून ठेवतो. मी सरांना हे सांगितलं आणि वर म्हणाले, "असा मूर्खपणा कोण करेल, सर?" हे बोलता बोलताच मला आईची तार दिसली. तारेवरचे कमी झालेले चिमटे दिसले. पप्पांचा मोकळा डावा हात दिसला, जो माल काढायला ठोकळ्याखाली जात होता.

मी वाचायची थांबले. सरांनी दोनदा विचारलं, काय झालं बेटा? मी कसंबसं सांगितलं. सर आधी नाही म्हणाले, तसं होणार नाही. मग त्यांनी प्रोग्राम काढून बघितला. एक बटण दाबलेलंच असेल तर दुसरं एकटंच ठोकळा खाली आणत होतं. उजव्या बटणाला कोपर लागलं तरी पुरे. सरांनी कागद खाली ठेवला आणि ते गप्प बसले, पण या वेळी ते मला घाबरवायला गप्प बसले नव्हते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

वर्कशॉपचा फोन बंद होता. मी पळत कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. कंपनीतल्या क्लार्कनं फोन उचलला. मी म्हणाले, साळव्यांना बोलवा.

"ते शॉपवर आहेत. घरी काही झालंय का?"

"नाही, पण त्यांना सांगा, मशीनला हात लावू नका."

तो हसला. "मग काय पायानं चालवायची? ती सोय तर तुम्हीच काढलीत, मॅडम."

"प्रेस बंद करा! साहेबांना सांगा."

"साहेब राउंडला गेलेत. प्रॉडक्शन असं फोनवर बंद होत नसतं." आणि लाईन तुटली. पुन्हा लावला तर नुसता टूंऽ टूंऽ.

सरांची जुनी व्हॅन होती. त्यांनी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर दिला आणि आम्ही निघालो. त्या रस्त्याची मला आठवते ती फक्त भीती. भांडगाव गेलं, मग राहूच्या बाजूनं आत वळलो, तर पुढं उसाच्या ट्रॉल्या. एकामागून एक, रस्ता अडवून, डुलत चाललेल्या. सर हॉर्न वाजवत होते आणि ट्रॅक्टरवाला टेपवर गाणी लावून आपल्याच नादात. मी मनात प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले, पण अर्ध्यात विसरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. डोळ्यांसमोर सारखी तुकाराममामांची बशी येत होती. एकदा तर मी मोठ्यानं म्हणाले, "सर, ते पेटी वाजवतात." सरांनी रस्त्यावरची नजर न काढता मान हलवली.

सणसवाडीला कंपनीच्या गल्लीत शिरलो आणि धप्प, धप्प, धप्प असा आवाज ऐकू आला. मशीन चालू होती. चालू आहे म्हणजे अजून काही झालेलं नाही, असं वाटून जीव जरा भांड्यात पडला. गेटवर पोहोचलो तर आवाज डावीकडच्या पत्र्याच्या शेडमधून येत होता आणि पप्पांच्या कंपनीतून काहीच येत नव्हतं. सगळं शांत. गेटच्या आत माणसं घोळका करून उभी. सरांनी मला दंडाला धरून उतरवलं. मी त्या माणसांतून वाट काढत पुढं गेले तर मधोमध पप्पा. जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि ते उकिडवे बसून डब्यातला मुळा खात होते.

"तू इकडं कशी?" ते म्हणाले.

मी रडायला लागले. चारचौघांत, आवाज करून. त्यांना वाटलं आईला काही झालं. ते उठून उभे राहिले, आणि मी आधी त्यांचे दोन्ही हात धरले आणि उलटेसुलटे करून बघितले.

आत मशीनजवळ गेलो. डाव्या बटणाच्या कडेत आमच्या घरच्या चिमट्याची अर्धी पट्टी घट्ट ठोकलेली होती, वापरून गुळगुळीत झालेली. सरांनी सगळं समजावलं. पप्पांना ते पटेना. आजूबाजूला माणसं जमलेली, सुपरवायझर घड्याळ बघत होता. "सर, इतकं दिस चालवतुया," पप्पा म्हणाले, "काय झालं का? उगं पोरीच्या जातीनं भ्यायचं आन् तुमी बी तिच्या नादानं." मग माझ्याकडं वळून, खालच्या आवाजात, "माझी फजिती करू नगंस, नीलम."

सरांनी वाद घातला नाही. त्यांनी पप्पांच्या डब्यातला उरलेला मुळा घेतला आणि खालच्या साच्यात ठेवला. "साळवेमामा, हा तुमचा डावा हात समजा. माल काढताय. आणि मागून कुणी हाक मारली." असं म्हणून ते मागं वळले आणि वळताना त्यांचं कोपर उजव्या बटणाला लागलं. धप्प. साच्यात मुळा राहिलाच नाही, नुसतं पाणी आणि पांढरा लगदा. पप्पा त्या लगद्याकडं बघत राहिले. मग त्यांनी आपला डावा हात सावकाश पाठीमागं नेला.

मी लॅपटॉप जोडला. साधी ओळही मी दोनदोनदा वाचून लिहिली. दोन्ही बटणं जवळजवळ एकाच वेळी दाबली तरच ठोकळा खाली येईल, आणि ठोक्यानंतर दोन्ही सोडल्याशिवाय पुन्हा येणारच नाही. या वेळी मी शहाण्या माणसासारखं तपासलं नाही. चिमटा लावून तपासलं, रुमाल कोंबून तपासलं, एक बटण गुडघ्यानं दाबून तपासलं. जेवढा वाईट वागणारा माणूस मला सुचला तेवढा मी झाले. प्रोग्राम चालतो, याचा अर्थ अजून कुणी वेगळं वागून बघितलेलं नाही एवढाच असतो, हे मी तिथं शिकले, आणि हे शिकायला लागलेली भीती मी कुठल्याच विद्यार्थ्याला देऊ शकलेले नाही. सुपरवायझर म्हणाला, माल कमी निघणार. पप्पांनीच त्याला सांगितलं, "निघू द्या कमी."

शिफ्ट सुटल्यावर सर आम्हाला शिरूरला सोडायला निघाले. पप्पा पुढं बसले, मी मागं. शिक्रापूर आलं. मग पप्पा पुढंच बघत म्हणाले, "पेडलवाली हुती तवा रोज भ्यायचो. हात जपून ठेवायचो. तुझी आली आन् म्हनलं, लेकीनं केलीया, ती काय मला खानार हाय? भ्यायचंच सोडलं बघ." त्यांना मला दुखवायचं नव्हतं, ते नुसतं सांगत होते. मला मात्र ते सहन होईना. मी खिडकीकडं तोंड केलं.

पप्पांनी खिशातून चिमट्याची ती पट्टी काढली, उलटसुलट करून बघितली आणि सरांना विचारलं, "सर, ह्यो परोग्राम आनखी कुटं बसवलाय का?"

सर म्हणाले, "दोन ठिकाणी. एक कुरकुंभला, ती मशीन सध्या बंदच आहे. दुसरी तुमच्या कंपनीच्या शेजारच्या शेडमध्ये. सोमवारी जाऊ म्हणत होतो."

डावीकडची पत्र्याची शेड. मी आत शिरताना तिचा आवाज ऐकला होता. परत निघतानाही ती चालूच होती, धप्प, धप्प, आणि मी व्हॅनचं दार लावून घेतलं होतं. तो आवाज ऐकून माझा जीव भांड्यात पडला होता.

"तिथं कोन हाय मशीनवर?" पप्पांनी विचारलं.

"नाव माहीत नाही. बिहारकडचा कुणीतरी मुलगा आहे."

"मग सोमवारपातूर त्याचं काय?"

सरांनी व्हॅन कडेला घेतली, एक ट्रक जाऊ दिला आणि वळवली.

शेडमध्ये पोहोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. दारातून आवाज येत होता आणि या वेळी तो थांबू नये म्हणून मी प्रार्थना करत होते. आत माझ्याच वयाचा एक जण प्रेसवर होता. डाव्या बटणात सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबलेला. उजव्या हातानं दाबत होता, डाव्यानं माल काढत होता, आणि गुणगुणत होता. सरांनी मेन स्विच बंद केला. तो दचकून वळला.

"क्या हुआ, मॅडम? कुछ गलती हुआ?"

मला हिंदी धड येत नव्हती, आणि आली असती तरी काय सांगणार होते? पप्पा माझ्यामागं उभे होते, डावा हात अजून पाठीशी धरून. मी एवढंच म्हणाले, "भैया, दोनों हाथ दिखाओ."

त्याला वाटलं असेल, काही चोरीबिरीचा संशय आला. त्यानं हात पँटला पुसले आणि शाळेत मुलं नखं दाखवतात तसे माझ्यापुढं धरले.